कुत्र्याचं साल

दरसाल जानेवारी संपता संपता
बॅलार्ड इस्टेटच्या टपालघरात, माझ्या टेबलावर,
टोरांटोहून एक लहानसं पार्सल यायचं.
तपकिरी कागद, सुतळी, गाठीवर लाल लाख.
नाव : एल. के. लियाओ, दंतवैद्य, माझगाव.
मी चाकूने लाख फोडायचो. कामच ते.

आत चांदीचं नाणं.
कधी शेपटीत शेपूट गुंतलेले उंदीर,
कधी बैल, पाठीवर पोर घेऊन.
तराजूत टाकायचो :
पावणेतीन तोळ्यांना आठ गुंजा कमी. दरवेळी तेवढंच.
रजिस्टरात लिहायचो, 'शोभेची वस्तू, एक'
आणि शिक्का मारून पुन्हा बांधायचो.
बायको म्हणायची,
लोकांच्या घरचं लग्न बघून येता, जेवून काही येत नाही.

चौऱ्याण्णवला कुत्रा आला.
कान टवकारून बसलेला. लाख फोडताना चाकू घसरला,
त्याच्या उजव्या कानाशी केसाएवढा ओरखडा.
नेमका त्याच आठवड्यात नवा साहेब.
चांदी म्हणजे चांदी, म्हणाला, शोभा कसली?
नोटीस मीच लिहिली, माझ्या वळणदार अक्षरात :
कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.

तो आला नाही.
स्मरणपत्र गेलं. तरी नाही.
साडेतीनशे रुपये सुटत नाहीत, मी म्हटलं, चिकट आहे.
मुदत संपली. कुत्रा लिलावात गेला,
बंद पडलेल्या घड्याळांच्या खोक्यातून.

दोन वर्षांनी दाढ ठणकली, तेव्हा मुद्दाम माझगावला गेलो.
काचेच्या कपाटात लाल मखमल, तिच्यात बारा खळगे.
अकरा भरलेले.

तोंड वासून बसलेल्या माणसाला काही विचारता येत नाही.
तोच बोलत होता, अस्सल मुंबईच्या हिंदीत.
बासष्टनंतर वडिलांना दर सोमवारी
चौकीत सही करायला जावं लागे.
एका सोमवारी गेले ते तीन वर्षांनी परतले.
तेव्हापासून घरची रीत :
'हजर राहावे' असा कागद आला
की तो उदबत्तीवर धरायचा.
जास्त उघडा, म्हणाला,
आणि दाढेत चांदी भरली.

पैसे मोजून दिले.
मी कोण, ते सांगितलं नाही.

मग शनिवार फोर्टात जाऊ लागले.
फुटपाथवर चादर पसरलेल्या मुनाफपुढे उकिडवा बसायचो.
साहेब, वाघ न्या, वाघाला गिऱ्हाईक आहे,
ड्रॅगन तर हातोहात जातो,
कुत्रा कोण विचारतंय?
हळूहळू माझ्याकडे वाघ तीन, ससे दोन,
एक साप, तो कथलाचा निघाला. टिचकी मारली तर मुका.
निवृत्तीनंतर छंद हवाच, व्याही म्हणाले.
मी मान डोलावली.

कुत्रे सापडले चार. चौघांचे कान धड.

पाचवा परवा मिळाला,
बटणांच्या डब्यात, काळा पडलेला.
अंगठ्याने पुसला. उजव्या कानाशी
माझाच चाकू.

माझगावचा जिना तोच.
वर आता कुरियरवाल्याचं दुकान.
डॉक्टर? ते कधीच गेले, काका.
कुठे, विचारलं, तर पोराने खांदे उडवले.
काही पाठवायचंय? फॉर्म भरा.

बहिणीचा पत्ता मला पाठ आहे.
बारा वर्षं लिहिलाय, घरक्रमांकासकट.
ती तिथे असेल का, ती असेल का,
हे फॉर्म विचारत नाही.

वस्तूचं वर्णन, विचारतो.
त्याखाली, किंमत.

मागे रांग खोळंबलीय.
पेन हातात, आणि जीभ उगाच
दाढेतल्या चांदीला लागतेय.